पाचवा मजला, डावीकडून तिसरी

भिसेगाव, कर्जत
मंगळवार, १४ जानेवारी

तीर्थरूप आईस,

संध्याचा वाकून नमस्कार. गुडघे आता माझेही कुरकुरतात, पण वाकले. सोबत तिळाच्या वड्या आहेत. पाक जरा पुढे गेला, तेव्हा दातानं फोडू नकोस, वरवंट्यानं फोड. ह्यांनी सकाळी एक खाल्ली आणि दाढ धरून खालापूरला कामावर गेले.

हे पत्र गौराबाईच्या रिकाम्या पाटीत ठेवून देतेय. फोन करायचा तर तो दादाच्या खिशात. आणि फोनवर तू नुसती "हां, हां, बरं" करतेस. अर्धं तू ऐकतेस, उरलेलं सुरेखावहिनी ऐकते. त्यापेक्षा कागद बरा. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहिलीस, माझं कोंबडीचं अक्षर तुला लागेल. आणि गौराबाई टपालापेक्षा वक्तशीर आहे. वरच्या वाडीतून शेंगा घेऊन निघाली की आधी तुझ्या ओट्यावर टेकते, मग बाजारात माझ्या दुकानासमोर बसते. शिवाय तिला वाचता येत नाही, तेही बरंच आहे.

पण तिचा आवाज जरा कमी करता आला असता तर! तुझा निरोप तिनं भर दुकानात दिला. दोन गिऱ्हाइकं पडद्यामागे ब्लाऊज घालून बघत होती, आणि ही दारातूनच ओरडली, "संधे, तुझी आय इचारते, सोमवार ते शुक्कर अंधारात का बसतेस गं? लाईट कापली का?"

आई, लाईट कापलेली नाही. आम्ही संध्याकाळी आतल्या खोलीत असतो, एवढंच. हॉलचा दिवा कशाला जाळायचा उगीच? आणि खरं सांगू का, तू रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून खिडक्या मोजायची गरजच नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुझं. डॉक्टरांनी लांबचं बघायला कधी सांगितलं होतं?

घर चांगलं आहे. म्हणजे छानच आहे. तुला हसायला एक सांगते. बुकिंगच्या आधी त्यांनी आम्हाला नमुन्याचा फ्लॅट दाखवला होता ना, त्यात पलंग, कपाट, सोफा सगळं मांडलेलं. हे म्हणाले, केवढी मोठी खोली गं! मी पर्समधून टेप काढला. शिंप्याची जात, सवय जात नाही. पलंग पाच फुटी निघाला! मुद्दाम आखूड करून घेतलेला, खोली मोठी वाटावी म्हणून. ह्यांना म्हटलं, झोपून बघा. पोटरीपासून पाय बाहेर. तिथला सेल्सवाला हर्षद धावत आला, "सर, बूट! सर, बूट!" करत.

दादाला क्षेत्रफळ सांगितलं तेव्हा त्यानं बोटावर हिशोब केला आणि म्हणाला, "म्हंजे अर्धा गुंठा पन नाय? एवढ्यात आमी भेंडी लावतो." त्याला सांग, भेंडीला किचन ओटा लागत नाही.

घरभरणीचं विचारलंस. करायची आहेच. भटजी म्हणतात चांगला मुहूर्त बघू. तू एवढ्यात येण्याची घाई करू नकोस, लिफ्ट अजून चालू नाही. बाकी सगळं ठीक.

तुझी,
संध्या


भिसेगाव
मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीर्थरूप आईस,

नमस्कार. मेणबत्त्या मिळाल्या. दोन डझन! बॅटरीही मिळाली, आणि अंगणवाडीतून निवृत्त होताना तुला दिलेला तो सोलरचा दिवाही मिळाला. गौराबाईनं ते सगळं पाटीतून एकेक काढून माझ्या कटिंगच्या टेबलावर मांडलं. बाजारातली माणसं विचारायला लागली, संध्याताई, दुकान बदललंत का?

आई, माझ्या घरात वीज आहे. माझ्या घरात चार ट्यूबलाईट आहेत. मी तुला कसं पटवू?

आणि शनिवारच्या रंगीत दिव्यांचं. "आठवडाभर अंधार आन् शनवारी नाच, ह्ये काय चाललंय?" असं तू म्हणालीस म्हणे. ते काही नाही, ह्यांनी गणपतीच्या माळा चालतात का ते बघितलं. दर शनिवारी का, असं विचारशील. दर शनिवारी बघतात. माळांचं काही सांगता येत नाही.

ते जाऊ दे. दादानं काय केलं ते तुला ठाऊक आहे की त्याच्या मनानं केलं? गेल्या गुरुवारी तो ह्यांच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभा राहिला. वॉचमनला विचारतो, "निलेश म्हनून होता, तो अजून हाय का?" चेहरा हा एवढा पडलेला. वॉचमन घाबरला. त्याला वाटलं आत काहीतरी अपघात झाला आणि ह्याच्या घरी कळलं, आपल्यालाच कळलं नाही. त्यानं साहेबाला फोन लावला, साहेब प्लांटमध्ये पळाला, आणि हे तिथे डबा उघडून बसले होते, वालाची उसळ खात. नोकरी शाबूत आहे हे डोळ्यांनी बघितल्यावरही दादानं तांदळाचं पोतं ह्यांच्या बाइकला बांधलंच. "ठिवा भाऊजी, माणसाचा काय भरवसा नाय," म्हणाला. हे घरी आले आणि पोतं माझ्यासमोर टेकवलं. म्हणाले, "संध्या, तू आईंना काय सांगितलंयस नक्की?"

मी म्हटलं, काही नाही.

घराचं म्हणशील तर आता सवय होतेय. सकाळी तेवढा त्रास होतो. समोरचे गृहस्थ सहाला उठून गुळण्या करतात. नुसत्या गुळण्या नव्हे, आलाप. आमच्या खिडकीपासून त्यांची न्हाणी सहा फुटांवर, टेपनं मोजलंय. चहाचा कप मी तोंडाला लावायला आणि तिकडे घशातून ते उठायला एकच गाठ. हे म्हणतात, रेडिओ लाव. रेडिओ लावला तर ते रेडिओच्या वर जातात.

वाचून वाटलं, तू विचारशील की पाचव्या मजल्याच्या समोर तर भातखाचरं, नदी आणि डोंगर आहे, तिथे न्हाणी कुठून आली? ती बाजूची. म्हणजे बाजूला पण एक खिडकी आहे. बिल्डिंगचं तसं असतं, लिहून कळायचं नाही.

मेणबत्त्या पाठवू नकोस. आणि दादाला कंपनीत पाठवू नकोस. घरभरणी होळीनंतर बघू.

तुझी,
संध्या


भिसेगाव
मंगळवार, ४ मार्च

आई,

आधी जेव. पोटभर जेव, मग पुढचं वाच.

गौराबाई आज शेंगा विकायला बसलीच नाही. पाटी दाराशी आपटली आणि सरळ माझ्या मशीनसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझ्या आयनं सोळा सोमवार धरलेत. बिनमिठाचे. पाच झाले. काल न्हाणीत चक्कर आली तिला, सुरेखानं धरली म्हनून वाचली." मी विचारलं, कशापायी? तर म्हणाली, "तुझ्या घरात रोज दिवा लागावा म्हनून."

मी तेव्हा बाही कापत होते. कापली ती उलटी. सोळा वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं कापड वाया घालवलं.

दिवा रोज लागतो गं आई. तुला दिसत नाही, कारण ती खिडकी आमची नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, मागच्या बाजूला. तिथून डोंगर दिसत नाही, आपलं गाव दिसत नाही, तुझा ओटा दिसत नाही. दुसऱ्या बिल्डिंगचे पाइप दिसतात आणि ते गुळण्यावाले दिसतात.

गौराबाईला हे गेल्या मंगळवारीच कळलं होतं. पाणी प्यायला म्हणून माझ्या मागोमाग घरी आली. जिना चढली, खिडकीपाशी गेली, बाहेर बघितलं, आत बघितलं, आणि एवढंच म्हणाली, "संधे, डोंगर कुटं ठिवलास?" मी तिला गळ घातली, सांगू नको. तिनं आठ दिवस तोंड मिटून ठेवलं. आज म्हणाली, आज तू नाय सांगितलंस तर मी सांगनार, आन् मी सांगितलं तर सगळ्या वाडीला ऐकू जाईल.

तर सगळं पहिल्यापासून सांगते.

तू आम्हाला जांभळीखालचा तुकडा देत होतीस. इथंच बांधा, म्हणालीस, दादाच्या भिंतीला भिंत लावून. आम्ही नको म्हटलं. गावठाणातल्या जागेवर बँक कर्ज देईना, ह्यांची रात्रपाळी, माझं दुकान, ही कारणं खरीच होती. पण तू चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस. भाकरी पुढ्यात ठेवायचीस आणि तोंड फिरवायचीस. मग तुझी समजूत काढायला मी ओट्यावरून बोट दाखवलं, ती बघ, ती नवी बिल्डिंग, पाचवा मजला, डावीकडून तिसरी, ती घेणार आम्ही. इथे बसून तुला माझा दिवा दिसेल. तू मोजलंस. परत मोजलंस. आणि मग पीठ मळायला बसलीस, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तेव्हा मी खोटं बोलत नव्हते गं. तीच घ्यायची होती.

पुढच्या आठवड्यात बुकिंगला गेलो तर हर्षद म्हणतो, "मॅडम, पुढच्या बाजूचा रेट वेगळा. डोंगर दिसतो ना, त्याचा चार्ज." ह्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा एवढे हसले की हर्षदनं पाणी आणून दिलं. "डोंगराचे पैसे? अरे, त्या डोंगरावर मी आठवीपर्यंत गुरं राखलीत! त्याच्यावरून दोनदा पडलोय!" मीही साथ दिली. म्हटलं, पस्तीस वर्षं फुकट बघितला, आता विकत कोण बघतंय? मुंबईवाल्यांना विका. आणि आम्ही दोघं शहाणे, डोंगराकडे पाठ करून मागच्या बाजूचा फ्लॅट घेऊन मोकळे झालो. सही केली. केवढे पैसे वाचवले म्हणून खुशीत चार वडापाव खाल्ले. चौथा अर्धा संपला आणि मला तू आठवलीस.

तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. उद्या सांगू, परवा सांगू करत राहिले. आणि तू तोवर गावभर दाखवून मोकळी झालीस. पोस्टमनला दाखवलीस, टेंपोवाल्याला दाखवलीस, शेजारच्या हर्षलाच्या लग्नाला आलेल्या वऱ्हाडाला ओळीनं उभं करून दाखवलीस. मग कुठल्या तोंडानं सांगू?

ती पाचव्या मजल्यावरची माणसं मुंबईची आहेत. शनिवारी येतात, माळा लावतात, गाणी लावतात, रविवारी संध्याकाळी कुलूप घालून जातात. डोंगर त्यांनी पैसे मोजून घेतला आणि आठवड्याचे पाच दिवस तो त्यांच्या बंद काचेबाहेर पडून असतो. मला एवढा राग येतो ना त्यांचा! त्यांनी काही केलेलं नाही, तरी येतो.

आणि आता जे सांगते ते दादाला सांगू नकोस. तुझ्या मेणबत्त्या आल्या त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. नेसती साडी चांगली होती, हातात डब्यात चकल्या होत्या. बेल दाबली. बाईंना म्हटलं, "तुम्ही परत जाताना हॉलचा दिवा चालू ठेवाल का? आठवडाभर? बिल मी देईन." बाईंनी माझ्याकडे बघितलं, चकल्यांकडे बघितलं. "कशासाठी?" मी म्हटलं, "माझी आई बघते." मग त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि आतून नवऱ्याला हाक मारली. नवरा आला, त्यानं वॉचमनला हाक मारली. वॉचमन आपल्याच ओळखीतला, सखा, तो मला जिन्यावरून खाली आणता आणता म्हणतो, "ताई, बरं वाटत नाय का?" चकल्या मात्र त्यांनी ठेवून घेतल्या.

हसलीस का? हस. मीही आता लिहिताना हसतेय, पण त्या दिवशी नव्हते हसले.

चावी मिळाली त्या दिवशीही नव्हते हसले. ह्यांनी पेढे आणले होते. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि रडले. त्या घरात कडी लागणारी तेव्हा तेवढी एकच जागा होती. कशाला रडत होते, मला सांगता आलं नसतं. घर झालं होतं. आपल्या खानदानात कर्ज काढून, कागद वाचून घर घेणारी मी पहिली. पण मनात होतं ते एकेक करत गेलं गं. तळमजला हवा होता, गेला. तुळस लावायला जागा हवी होती, गेली. पापड वाळवायला ऊन, मशीनला वेगळी खोली, तुला आल्यावर पाय पसरून बसायला ओटा, सगळं गेलं. गिऱ्हाईक ऐंशी सेंटिमीटर कापड आणतं आणि लांब बाही, बंद गळा, वर झालर मागतं. मी म्हणते, बाई, झालर सोडा, बाही आखूड करा. ती हिरमुसते. मी मनात म्हणायचे, एवढं काय त्यात, अंगात बसतंय ना! आता त्या बायकांची माफी मागावीशी वाटते.

बाकी सगळं सोडलं त्याचं दुःख जाईल हळूहळू. पण एक गोष्ट तुला देऊ केली होती, तीही सोडली, आणि वर तीन महिने तुला खोटं सांगत बसले. तू काळजीनं मीठ सोडलंस आणि मी इथे गणपतीच्या माळांच्या थापा लिहीत होते. माझी मला लाज वाटते आई.

घरभरणी मी पुढे ढकलत होते ती भटजींमुळे नाही. लिफ्टही चालू आहे, दुसऱ्या मजल्याला ती लागतही नाही. तू आलीस की खिडकीपाशी जाशील, म्हणून ढकलत होते.

रागाव. चार दिवस नाही, चार महिने बोलू नकोस. पण जेवून रागाव. आणि उपास आजच्या आज सोड.

दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला राहणारी,
तुझी संध्या


मंगळवार, ११ मार्च

संधे,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मंग सुरेखानं वाचलं, मंग तिनं नवनाथला वाचून दाखवलं. चकल्यांचं दादाला सांगू नको म्हनलीस, पन ते मधल्या पानावर होतं, तोवर तो हसून हसून खाटेवरून खाली आला होता. आता गावाला म्हाईत हाय. लाजू नको.

पाच सोमवार! बिनमिठाचे! या वयाला! आन् ते कोनासाठी झाले, तर त्या मुंबईवाल्यांसाठी. तरीच मजेत हायत. चकल्या पन त्यांनाच.

काल सहावा सोमवार होता. महादेवाला सांगितलं, बाबा, माझा पत्ता चुकला, तुझं काय चुकलं नाय. आन् मीठ घालून जेवले. भात, वालाचं बिरडं, सुकटाची चटणी. सोमवारी सुकट खाल्ली म्हनून सुरेखा बघत बसली. म्हनलं बघ.

रागावले तर हायेच. खोट्यासाठी रागावले, खिडकीसाठी नाय. खिडकीचं काय घिऊन बसलीस? मी दिवा मोजायची तो बिलाच्या काळजीनं नाय मोजायची. तू लगीन होऊन गेलीस, दुकान झालं, आता घर झालं, दर वेळेला जरा जरा लांब. तो एक ठिपका दिसला की वाटायचं, हाय, इथंच हाय.

जांभळीखालचा तुकडा तू नको म्हनलीस तवा मी चार दिस बोलले नाय. पोरीनं पयल्यांदा सोताचं घर घ्यायचं म्हनलं आन् आय तोंड फिरवून बसली. म्हनून तुला बोट दाखवायला लागलं. खोटं तू बोललीस, पन तुला तिथवर मी नेली. ह्ये मी कोनाला बोलले नाय, तुलाच लिवते.

आता ओट्यावरून बघायला काय उरलं नाय. तवा मीच येते. शिमगा झाला की येते, शिमगा काय सोडता येत नाय. भटजी मिळाला तर बरं, नाय मिळाला तर दूध उतू घालायला मला येतं. गौराबाई पन येनार हाय, ती म्हनते मला वाट म्हाईत हाय.

पाय पसरायला जागा नाय म्हनतेस. पाय दुमडून बसेन. सकाळचा चहा त्या खिडकीतच घेऊ. तो गुळण्या करतो ना, करू दे. मी तीस वर्सं पन्नास पोरं एका खोलीत गप केलीत. त्याला एकदा माझ्याकडं बघू दे.

किती दिस राहीन ते आता सांगत नाय. नवनाथला सांगितलं, माझी वाट बघू नको.

मीठ खाल्लेली आन् रागावलेली,
तुझी आय